लोकल डिलिव्हरी की लांब पल्ला? ट्रक ड्रायव्हरच्या तासांचा हिशेब

ट्रक चालवायची नोकरी शोधायला निघालेल्या माणसापुढे लवकरच दोन प्रकारची कामं येतात. एकात शहरात आणि आसपास माल पोहोचवायचा आणि रात्री घरी यायचं. दुसऱ्यात चार-पाच दिवस, कधी दोन-तीन आठवडे बाहेर राहायचं, पण हातात पडणारी रक्कम मोठी. बहुतेक जण दोन्ही आकडे शेजारी मांडतात आणि मोठा उचलतात. इथेच घाई होते. महिन्याच्या आकड्यावरून किती मिळणार ते कळतं, ते किती तासांचं आहे ते कळत नाही. आणि या धंद्यात तासांचा घोळ इतका मोठा आहे की तो सोडवल्याशिवाय तुलना करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोळ आहे तो चाकं थांबलेली असतानाचा. गाडी पळत असते तेव्हा ड्रायव्हर काम करतोय हे कुणीही मान्य करतं. पण गोदामाच्या फाटकाबाहेर नंबर लागायची वाट बघताना? माल भरला जाताना, पोहोच पावतीवर सही-शिक्का मिळेपर्यंत ताटकळताना, बंद पडलेल्या गाडीपाशी मेकॅनिकची वाट बघताना, रात्री केबिनमध्ये मालाची राखण करत झोपताना? तेव्हा तो कामावर आहे की नाही, आणि असेल तर त्याचे पैसे कोण देतो? लोकल कामात याचं उत्तर बहुधा एक असतं, लांब पल्ल्यात दुसरं. झोप, तब्येत, अपघात, घर या बाबतींतले बरेचसे फरक शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

रात्र कुठे काढायची?

लोकल आणि लांब पल्ला यांची हद्द किलोमीटरवर ठरते असं वाटतं, पण खरी कसोटी रात्रीची आहे. ज्या डेपोतून निघालो तिथेच त्याच दिवशी परत आलो तर ते लोकल. झोप गाडीत काढावी लागली तर तो लांब पल्ला. अमेरिकेच्या नियमांत तर लोकलची व्याख्या आखूनच दिली आहे. डेपोपासून सरळ रेषेत १५० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरच्या घेऱ्यात राहून १४ तासांच्या आत परत येणाऱ्या ड्रायव्हरला तासांचा सविस्तर लॉग ठेवावा लागत नाही. कामावर आल्या-गेल्याची वेळ मालकाने नोंदवली की पुरतं. २०२० पर्यंत ही हद्द १०० नॉटिकल मैल आणि १२ तास होती. म्हणजे दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर चालवणारा ड्रायव्हरही लोकलच असू शकतो, आणि दिवसभरात पन्नास किलोमीटरही न फिरता साठ ठिकाणी थांबणाराही लोकलच.

मधल्या पायऱ्याही आहेत. एखाद्या विभागापुरतं फिरून आठवड्यातून दोन-तीन रात्री घरी येणारे असतात. लाइन-हॉल नावाचं एक काम असतं, ज्यात एका मोठ्या हबमधून दुसऱ्या हबपर्यंत ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळी, बहुतेक रात्रीच माल न्यायचा आणि तिथून दुसरा घेऊन परतायचं. काही कंपन्या अर्ध्या वाटेवर ट्रेलर अदलाबदल करतात, म्हणजे दोन्हीकडचे ड्रायव्हर आपापल्या घरी परततात. नवख्या माणसाला या कामांची नावंही कुणी सांगत नाही, आणि कित्येकांना खरं तर हेच सोयीचं पडलं असतं.

एकाच रकमेचे तीन भाव

आता हिशेब मांडू. समजा लांब पल्ल्याच्या एका फेरीचे १२,००० मिळतात. चलन कुठलंही धरा. फेरी सोमवारी सकाळी सुरू झाली आणि शनिवारी सकाळी संपली. पाच दिवस, १२० तास. त्यात चाकं फिरली ५० तास. भरणं, उतरवणं, गाडीची तपासणी, डिझेल, कागदपत्रं आणि रांगा यांत आणखी १६ तास गेले. उरलेले ५४ तास गाडीत किंवा गाडीच्या आसपास.

चाकं फिरलेल्या तासांनी भागलं तर तासाला २४०. प्रत्यक्ष कामाच्या ६६ तासांनी भागलं तर १८२. घराबाहेर काढलेल्या १२० तासांनी भागलं तर १००. आता शेजारी लोकलची नोकरी ठेवा. रोज ११ तास, पाच दिवस, ८,८०० मिळाले. ५५ तासांचे तासाला १६० झाले, आणि इथे दुसरा-तिसरा भाव निघतच नाही, कारण बाराव्या तासाला माणूस घरी जायला मोकळा असतो.

नोकरी देणारा २४० दाखवतो, कारण ते त्याच्या सोयीचं आहे. घरची माणसं १०० बघतात. यातला खरा कुठला? माझ्या मते ज्याच्या-त्याच्या परिस्थितीनुसार तो बदलतो. एकटा जीव आहे, केबिनमध्ये राहिल्याने खोलीचं भाडं वाचतं आहे, त्याने १८२ धरला तर चूक नाही. ज्याची लहान मुलं आहेत त्याने १००च्या जवळचा आकडा धरावा, कारण झोपेचे तास कुठेही गेलेच असते असं म्हटलं तरी केबिनमधली झोप ही मालाची आणि गाडीची जबाबदारी उशाशी घेऊन काढलेली झोप असते. तिन्ही भाव काढून कागदावर लिहा, एवढंच माझं सांगणं. मग एक गोष्ट आणखी करा. त्याच फेरीत उतरवायच्या ठिकाणी गाडी एक दिवस अडकली असं धरा. रक्कम तीच, तास १४४. भाव आला ८३. लोकलमध्ये गाडी दोन तास अडकली तर तासावर पगार असलेल्या माणसाचे पैसे वाढतात. लांब पल्ल्यात फेरीवर किंवा मैलावर पैसे घेणाऱ्याचा भाव पडतो. उशीर एकच, पण एकाला ओव्हरटाइम आणि दुसऱ्याला नुकसान.

हे असं का झालं? मैलावर पैसे देण्याची पद्धत मालकाला सोपी पडते. ड्रायव्हर शेकडो किलोमीटर लांब असतो, तो काय करतोय ते दिसत नाही, पण गाडी किती चालली ते मोजता येतं. शिवाय कायद्यानेही वाट मोकळी ठेवली. अमेरिकेत १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टने आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट मजुरी द्यायचा नियम आणला, पण राज्याराज्यांतून माल नेणारे बहुतेक ट्रक ड्रायव्हर त्यातून वगळले. ती सूट आजही आहे. युरोपियन युनियनने उलटी भूमिका घेतली. तिथल्या २००६च्या ५६१ क्रमांकाच्या नियमावलीत दहाव्या कलमात म्हटलं आहे की अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर बेतलेला मोबदला जर रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात आणणारा असेल किंवा नियम मोडायला उत्तेजन देणारा असेल, तर तो देता येणार नाही. एका वाक्यात त्यांनी पगाराचा आणि अपघाताचा संबंध मान्य केला. मला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं.

कारण संबंध खराच आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये गोदामातल्या खोळंब्यावर अहवाल दिला. भरण्या-उतरवण्याच्या जागी गाडी थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा अंदाज आहे. आणि या खोळंब्यामुळे ड्रायव्हरांचं वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडतं. माणूस उभा असताना अपघात वाढतो कसा? त्यासाठी कामाच्या तासांचे नियम कसे चालतात ते बघावं लागेल.

घड्याळ थांबत नाही

अमेरिकेत माल वाहणारा ड्रायव्हर सलग १० तास विश्रांतीनंतर कामावर आला की त्याच्यासाठी १४ तासांची खिडकी उघडते. त्यात तो जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो, आणि चालवण्याचे ८ तास भरले की अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावीच लागते. पेच या १४ तासांत आहे. एकदा सुरू झालं की हे घड्याळ फाटकाबाहेरही चालूच राहतं.

सकाळी सहाला ड्रायव्हरने काम सुरू केलं. आठला गोदामात पोहोचला, नऊची वेळ मिळालेली. नऊला गेटवरचा माणूस सांगतो, डॉक, म्हणजे गाडी लावून माल भरायची जागा, रिकामा नाही. अकरा वाजतात, बारा वाजतात. एक वाजता माल भरून दरवाजा सीलबंद होतो. आता १४ पैकी ७ तास उरले. त्यात अर्धा तास डिझेल आणि कागदपत्रं. रात्री आठच्या आत गाडी थांबवायलाच हवी, आणि थांबायला सुरक्षित जागाही हवी, जी संध्याकाळी सातनंतर मिळणं अवघड असतं. त्याचे पैसे मैलावर आहेत, म्हणून आजचे पाच बुडालेले तास त्याला रस्त्यावर भरून काढायचे आहेत. पाय ॲक्सिलरेटरवर जड का पडतो, अर्ध्या तासाची झोप का टाळली जाते, हे यातून समजतं. यात ड्रायव्हरचा बेदरकारपणा शोधण्यात काही अर्थ नाही. ज्याने गाडी पाच तास उभी केली त्याला त्या वेळेचे पैसे पडले असते तर डॉक लवकर रिकामा झाला असता.

युरोपात मोजणी वेगळी आहे. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यात दोनदा १० चालतात. आठवड्याला ५६ आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०, याच्या पुढे नाही. भारतात १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली, लांब पल्ल्यासाठी थोडी सूट ठेवून; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण नियम कागदावर असणं वेगळं आणि ते मोजणारं यंत्र गाडीत असणं वेगळं. युरोपात टॅकोग्राफ असतो, अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकना इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. जिथे असं यंत्र नाही तिथे तासांचा खरा हिशेब फक्त ड्रायव्हरच्या डोळ्यांना ठाऊक असतो.

यंत्रालाही मर्यादा आहे. ते विश्रांतीचे तास मोजतं, झोप मोजत नाही. डेपोत इंजिनांच्या आवाजात, दर तासाला कुणी दार ठोठावत असताना काढलेले दहा तास आणि घरच्या पलंगावरचे दहा तास लॉगमध्ये सारखेच दिसतात.

झोपेचा मुद्दा

माणसाच्या शरीराला झोप हवीशी वाटण्याच्या दिवसातून दोन वेळा असतात. एक पहाटे, साधारण दोन ते पाचच्या सुमारास, आणि दुसरी दुपारी, दोन ते चारच्या आसपास. मनाचा निर्धार इथे फारसा कामी येत नाही. १७ तास सलग जागा असलेल्या माणसाचं लक्ष आणि हालचाली, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे १९९० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. अनेक देशांत इतकी दारू पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहे, पण १७ तास जागून गाडी चालवणाऱ्याला कुणी तोंडात नळी धरायला लावत नाही.

सर्वांत धोक्याची ती काही सेकंदांची डुलकी. डोळे उघडेही असू शकतात, पण मेंदू गेलेला असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. चार सेकंदांत भरलेला ट्रक जवळजवळ ९० मीटर जातो, चालवणारं कुणी नसताना. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी थोडी मिनिटं मिळतात, झोप भागत नाही. त्यापेक्षा जुन्या ड्रायव्हरांची युक्ती चांगली. कडक कॉफी किंवा चहा घ्यायचा आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. कॅफीनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून जाग येताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. मात्र जाग आल्या-आल्या चावी फिरवू नका. डोकं पूर्ण ताळ्यावर यायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

लोकलवाल्यांनी यातून स्वतःला वगळू नये. डिलिव्हरीच्या गाड्या भरायला पहाटे चारला बोलावतात. रात्री घरी दहा वाजता जेवण झालं तर झोप पाच तासांची. असं आठवडाभर चाललं की शुक्रवारी दुपारचा ड्रायव्हर लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरइतकाच पेंगुळलेला असतो, फक्त तो शाळेच्या रस्त्यावर असतो.

लोकलचा दिवस

लोकल काम सोपं, ही समजूत ज्यांनी ते केलेलं नाही त्यांची. गाडी चालवणं हा त्यातला छोटा भाग आहे. दिवस सुरू होतो माल रचण्यापासून. जे शेवटी उतरवायचं ते आधी आत जातं, जे आधी द्यायचं ते दारापाशी. क्रम चुकला तर भर रस्त्यात निम्मी गाडी उपसून एक खोका शोधावा लागतो. प्रत्येक थांब्यावर तेच सगळं पुन्हा. जागा शोधून गाडी लावायची, हँडब्रेक, इंजिन बंद, उतरायचं, शटर वर, खोका, हातगाडी, जिने, बेल, सही, फोटो, स्कॅन, परत केबिनमध्ये चढायचं. दिवसाला साठ थांबे असतील तर केबिनची चढ-उतर साठ वेळा झाली. उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम ठेवा आणि तोंड गाडीकडे ठेवा. उडी मारून उतरणाऱ्याचे गुडघे आणि घोटे काही वर्षांत बोलायला लागतात. लोकल ड्रायव्हर जायबंदी होतो तो बहुधा उतरताना, उचलताना, घसरून.

आणि रिव्हर्स. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर दिवसातून एक-दोनदा मागे घेतो, तेही बहुधा मोठ्या मोकळ्या आवारात. लोकलवाल्याला ते गल्लीत, उभ्या गाड्यांमधून, पायी चालणाऱ्यांच्या मधून करावं लागतं. ट्रेलर असेल तर स्टिअरिंग उलटं वागतं. ट्रेलरची शेपूट डावीकडे न्यायची असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि हे घाबरलेल्या क्षणी डोक्यात उलटसुलट होतं. शिकवणारे यावर एक उपाय सांगतात. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात न्या. मग उलटं-सुलटं आठवायची गरजच राहत नाही. शक्य असेल तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूने मागे घ्या, कारण दुसऱ्या बाजूला ट्रेलर वळला की आरशात फक्त ट्रेलरची भिंत दिसते. जरा शंका आली की गाडी थांबवा, उतरा, मागे चालत जाऊन बघा, वर तारा आणि छज्जेही बघा. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्या. या उतरून बघण्याला जो लाजत नाही त्याच्या हाती मी निर्धास्त गाडी देईन.

वळणावरही हेच. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतून कापत जातात, आणि गाडी जितकी लांब तितकी जास्त. म्हणून ट्रक आधी सरळ पुढे नेऊन मग वळवतात. त्या वेळी आतल्या बाजूला जी जागा मोकळी दिसते तिथे दुचाकीवाला घुसतो, आणि तो आरशात नसतो. शहरात जीवघेणे अपघात होण्याची ही नेहमीची जागा.

लांब पल्ल्याचं कसब वेगळ्या ठिकाणी लागतं. लांब उताराला भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात, तापले की त्यांची पकड जाते, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून गिअर उतार लागण्याआधी खालचा टाकायचा आणि वेग इंजिन ब्रेकने धरून ठेवायचा. अर्धा भरलेला टँकर थांबला तरी आतलं द्रव थांबत नाही, मागून ढकलतं. वारा, धुकं, निसरडा रस्ता यांचा अंदाज घेऊन आज पुढे जायचंच नाही हे ठरवणं हेही कसबच, आणि मैलावर पैसे असताना ते सर्वांत महाग पडतं.

तब्येतीचं थोडक्यात. अमेरिकेतल्या नायोश या कामगार आरोग्य संस्थेने २०१० मध्ये लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांची पाहणी केली तेव्हा ६९ टक्के ड्रायव्हर लठ्ठ निघाले आणि ५१ टक्के धूम्रपान करणारे. दोन्ही प्रमाणं तिथल्या इतर नोकरदारांच्या दुपटीहून जास्त. तासन्‌तास बैठक, गाडीचा हादरा, वेळी-अवेळी खाणं. वजन वाढलं की झोपेत श्वास अडकण्याचा विकार येतो, त्याने झोप अपुरी होते, आणि आपण परत डुलकीपाशी येतो. जोराने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या ड्रायव्हरने डॉक्टरला दाखवावंच, त्यावर चांगले उपचार आहेत. लोकलवाला चालता-फिरता राहतो, पण त्याची कंबर आणि खांदे झिजतात. पंचविशीत लोकल झेपतं म्हणून पंचावन्नाव्या वर्षी झेपेलच असं नाही.

घर, आणि एकांत

घरापासून लांब राहण्याची किंमत पगारपत्रकात येत नाही. मुलाचा ताप, शाळेतली भेट, आईवडिलांचं दवाखान्याचं काम हे सगळं घरातलं दुसरं माणूस ओढतं आणि त्याच्या श्रमाचा हिशेब कुणी करत नाही. युरोपने यातला काही भाग नियमात आणला. आठवड्याची ४५ तासांची मोठी सुट्टी केबिनमध्ये काढता येणार नाही, असा निकाल तिथल्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. २०२० मध्ये कंपन्यांवर असंही बंधन आलं की ड्रायव्हरला दर चार आठवड्यांत एकदा तरी घरी परतता येईल असं काम आखावं.

तरीही लांब पल्ला आवडीने करणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. लोकलवाल्याचा फोन दिवसभर वाजतो, कुठे पोहोचलास, अजून किती वेळ, ग्राहक चिडलाय. लांब पल्ल्यावर गाडी मुख्य रस्त्याला लागली की काही तास कुणी बोलत नाही. ज्याला माणसांच्या गर्दीत थकायला होतं आणि यंत्राशी एकटं राहण्यात मन रमतं, त्याला हे काम मानवतं. स्वभाव हा इथे पगाराइतकाच वजनदार मुद्दा आहे.

नोकरी धरण्याआधी

प्रवेशाची वाट दोन्हीकडे वेगळी आहे. लोकल डिलिव्हरीच्या छोट्या गाड्यांना हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. युरोपात ३.५ टनांपर्यंत साधा कारचा परवाना चालतो. भारतात ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. अमेरिकेत राज्याबाहेर ट्रक न्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, राज्यातल्या राज्यात बहुतेक ठिकाणी १८ व्या वर्षी सुरुवात करता येते. मोठ्या गाडीवरच्या लोकल नोकऱ्यांचं मात्र उलटं असतं. तिथे बरेचदा एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, कारण विमा कंपन्यांना आणि मालकांना माहीत असतं की आरसे आणि कोपरे फुटतात ते अरुंद जागेत. त्यामुळे कित्येक जण नाइलाजाने आधी लांब पल्ल्यावर जातात आणि अनुभव घेऊन लोकलवर येतात. हा रस्ता वाईट नाही, पण किती महिन्यांसाठी ते निघतानाच ठरवलेलं बरं.

सगळ्या लोकल नोकऱ्या तासावर असतात असंही समजू नका. पार्सलच्या कामात आता दर पोहोचवलेल्या पार्सलवर पैसे देण्याची पद्धत पसरली आहे. ग्राहक घरी नाही, पत्ता चुकीचा, लिफ्ट बंद, की तो थांबा फुकट गेला. म्हणजे लांब पल्ल्याचंच दुखणं छोट्या गाडीत आलं. म्हणून विचारायचं ते थेट विचारा. गोदामात गाडी थांबली तर कितव्या तासापासून पैसे, आणि ते लेखी आहे का? माल उतरवायचा कुणी? गाडी बंद पडली तर त्या दिवसाचं काय? परतीची रिकामी फेरी मोजता का? घरी कधी यायचं हे कोण ठरवतं? पोहोचलं नाही त्या पार्सलचं काय? उत्तरं टाळणारा मालक पुढे पैसेही टाळतो. जमलं तर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्याच एखाद्या ड्रायव्हरशी बोला, तो खरं सांगेल. आणि गाडी तुमच्या नावावर हप्त्याने करून देतो, मग तुम्हीच मालक, असं कुणी म्हटलं तर हप्ता, डिझेल, टायर, दुरुस्ती, विमा वजा करून उरलेली रक्कम वर सांगितल्याप्रमाणे तासांनी भागून बघा. काम नसलेल्या महिन्यातही हप्ता येतोच, हे त्यात धरा.

पुढच्या काळाबद्दल विचारतात, म्हणून तेही. इलेक्ट्रिक ट्रक आधी लोकल कामात येत आहेत, कारण गाडी रोज रात्री त्याच डेपोत परतते आणि तिथे चार्जर लावता येतो. हादरा आणि आवाज कमी, धूर नाही, ड्रायव्हरच्या शरीराला हा थेट फायदा आहे. विनाचालक ट्रक मात्र लांब पल्ल्याकडून येत आहेत. ऑरोरा या कंपनीने मे २०२५ मध्ये टेक्सासमध्ये डॅलस आणि ह्यूस्टनच्या दरम्यान ड्रायव्हरविना माल नेल्याचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून पुढच्या सीटवर पुन्हा एक माणूस बसवला. सरळ, रुंद, ठरलेला रस्ता यंत्राला आधी जमतो. गल्लीतला रिव्हर्स, जिन्यावरचा खोका, सही न मिळणारी पावती हे त्याच्यापासून अजून लांब आहे. आज विशीत असलेला आणि पुढची तीस वर्षं याच धंद्यात काढू पाहणारा माणूस मला विचारेल तर मी म्हणेन, लांब पल्ल्यावर जा, महामार्ग शिक, पण मागे घ्यायला आणि लोकांशी बोलायला त्याहून आधी शिक.